एकट्याचा खर्रा

हिंजवडीतल्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर यवतमाळचा एक इंजिनियर होता. कोड सुरेख लिहायचा, पण पाणीपुरी अर्धी करून खायचा. आम्हाला वाटे नजाकत. प्रत्यक्षात त्याचं तोंडच पुरतं उघडत नव्हतं. कारण खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला ऐवज. पुण्याच्या टपरीवरचा त्याला चालत नसे. गावाहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुड्या यायच्या.

कोथरूडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तोंडात किती बोटं जातात ते पाहिलं आणि म्हणाल्या, "आत्ता सोडलंत तर जेवाल. नाहीतर नळी." मग विचारलं, तलफ कधी येते? तो म्हणाला, इथं कोणी तुटक बोललं की येते. बाईंनी थंडपणे विचारलं, "म्हणजे दिवसभर?"

खरी गोष्ट त्याने मला नंतर सांगितली. त्याच्या गावाकडे खर्रा एकट्याने खात नाहीत. अनोळखी माणूससुद्धा हात पुढे करतो आणि घोटता घोटता घरदार, शेती, लग्नं, सगळं विचारून होतं. पुण्यात त्याच्यापुढे कोणी हातच केला नव्हता. आम्ही तर शेजाऱ्याला नाव विचारणं म्हणजे घुसखोरी समजणारे! तरी कर्तव्य म्हणून रोज दुपारी पार्किंगमध्ये जमू लागलो. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत बडीशेप घालून घोटायची, वाटायची आणि एकमेकांची चौकशी करायची. वॉचमन संशयाने घिरट्या घालायचा. पहिले काही दिवस फार जड गेले, त्याच्यापेक्षा आम्हाला. पण खर्रा सुटला.

दिवाळीला गावी गेला आणि पुन्हा सुरू करून आला. मित्रांना आधी नाही म्हणाला होता, पण त्यांच्यातल्या एकाने टाकलं, "पुण्याचा झाला का बे?"

"मग?" मी विचारलं.

"मंग काय जी, खाल्ला."

आम्ही सगळे अस्सल पुणेकर, पण त्याला दोष द्यायला कोणाची जीभ रेटेना. एवढी मोठी शिवी कोण सहन करणार?

डॉक्टरीणबाईंना त्याने हे जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या मित्राला आणा. त्याचंही तोंड बघू."

आणि तो खरंच आला, या निमित्ताने पुणं बघू म्हणत, हसत हसत. बाईंचं दुसरं बोट त्याच्या दातांमधून आत जाईना, तेव्हा हसू थांबलं.

दवाखान्याच्या पायरीवर आमचा माणूस त्याला म्हणाला, "थांब ना बे इथंच. एकट्यानं नाई सुटत."