खिडकीवरची टिकली

सुलभाला जाऊन दीड महिना झाला. माझी धाकटी बहीण. आमच्या घुग्घुसच्या चौकात, दिव्याच्या खांबाला, तिच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स अजून लटकतो आहे. तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक सरांचा चेहरा सुपाएवढा, तिचा कोपऱ्यात बिस्किटाएवढा. परवा दूधवाल्यानं विचारलं, "बाई, हे सर वारले काय?" मला हसू आलं नाही, संताप आला.

दूरच्या ताऱ्यांची दुर्बिणीतून आलेली चित्रं घ्यायची, ताऱ्याचा उजेड वजा करायचा आणि त्याच्याभोवतीचं धुळीचं मंद कडं, जमलं तर एखादा ग्रह, बाहेर काढायचा, हे तिचं काम. आजारपणात दोन वर्षं ती घरीच संगणकावर हे करत होती. मी चिडवायचे, "धूळच पाहाची तं घुग्घुसात कमी हाय काय?"

एका संध्याकाळी तिनं माझ्या कपाळावरची टिकली काढून खिडकीच्या काचेवर चिकटवली आणि मला आपल्या खुर्चीत बसवलं. "एक डोळा मिट, ताई. चौकातला दिवा टिकलीच्या आड घे." दिवा झाकला गेला, आणि त्याच्याभोवती ट्रकांनी उडवलेली धूळ दिसायला लागली. "पाह्यलं? धूळ तिथंच होती. दिवा दिसू देत नव्हता."

पुढे तिला असंच एक कडं सापडलं, आत ग्रहाचा ठिपका. पेपरात चित्र छापून आलं... खाली नाव फक्त सरांचं. दवाखान्यात तिनं ते पान दोनदा वाचलं. "मी पेपरवाल्याईले पत्र लिहितो, ताई." मीच अडवलं. "मोठ्या माणसाशी वाकडं नको घेऊ वं. आधी बरी हो." तिनं माझं ऐकलं. बरी मात्र झाली नाही.

शोकसभेत सर म्हणाले, "माझ्या शोधात तिची मोलाची मदत झाली." मदत! आणि मी हात जोडून गप्प बसले. सरांपेक्षा जास्त राग मला माझाच येतो.

काल तिच्या खुर्चीत बसले. टिकली काचेवर तशीच आहे, धुळीनं माखलेली. एक डोळा मिटला, मान जराशी उंच केली. फ्लेक्सवरचे सर टिकलीआड गेले, आणि कोपऱ्यातली सुलभा दिसायला लागली.

ते कडं तिनं शोधलं. पेपरवाल्यांनो, मी अडवलेलं तिचं पत्र ते हेच.