अक्काने इंजिन बदललं

अक्काच्या कानात हिऱ्याच्या कुड्या होत्या आणि नखांत ग्रीस. यांतलं काहीही ती सणासुदीलासुद्धा काढत नसे. चामराजपेटेतल्या तिच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला, तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. पिढ्यान्‌पिढ्या या कानडी शहरात रुजलेल्या मराठी घराण्यातली. एका कारखान्याच्या तपासणी विभागात तीस वर्षं मोजमापं घेऊन निवृत्त झालेली. मी पुण्याची मेकॅनिकल इंजिनिअर, असं सांगितल्यावर तिने माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. "कागदावरची दिसतेस," म्हणाली. "सरी, चालेल. शिकशील."

दाराशी तिची गाडी उभी असे. तीन चाकांची, फायबरची, दोन माणसं गुडघे आवळून बसतील एवढी. मागे एका सिलिंडरचं इंजिन. तिच्या यजमानांनी ती तरुणपणी हौसेने घेतली आणि नंतर जन्मभर ढकलली. इंजिन मूळचंच राहिलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मूळचे भाग मिळत नसत आणि दुसरे ते लावू देत नसत.

"एक ओरिजिनल इंजिन आणि एक ओरिजिनल नवरा, दोन्ही सांभाळले मी," अक्का सांगे. "सकाळी एकही वेळेवर सुरू होत नसे."

मी राहायला आले त्याच वर्षी यजमान गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अक्काने इंजिनाचे बोल्ट सोडवले. नातेवाइकांनी नाकं मुरडली. मीही दबकत विचारलं, इतकी घाई कशाला? "घाई कसली? चाळीस वर्षं थांबले," ती म्हणाली. "ते असताना काढलं असतं तर रडले असते." जुनं इंजिन तिने रॉकेलने धुतलं, तेल लावलं आणि यजमानांच्या पंच्यात गुंडाळून देवघराखाली ठेवलं.

जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ बातमी ऐकून आले. इंजिन बदललं की गाडीचं ऐतिहासिक मोल जातं, असं त्यांनी तिला अर्धा तास समजावलं. अक्काने त्यांना कॉफी दिली आणि विचारलं, "तुम्ही इथवर कसे आलात? चालणाऱ्या गाडीतनं ना?"

तिला जायचं होतं जे. पी. नगरला, धाकट्या बहिणीकडे. धाकटीच्या लग्नात वधूवरांचे हार आणायचं काम अक्का आणि यजमानांकडे होतं. गाडी वाटेत बंद पडली. शेजारच्या कार्यालयातून मागून आणलेल्या हारांवर लग्न लागलं, आणि पंगत उठता उठता हे दोघं घामाघूम होऊन पोचले. धाकटी भर मांडवात यजमानांना नाही नाही ते बोलली. अक्का स्वतः वाटभर त्यांना तेच बोलत आली होती. "पण त्यांना नावं ठेवायचा हक्क माझा होता," ती म्हणाली. तेव्हापासून बहिणी भेटल्या त्या फक्त कुणी गेलं की.

"ऑटोने जा की, अक्का," मी म्हणाले.

"ऑटोने गेले तर ती जिंकली."

नवं इंजिन ऑटोचंच होतं, गल्लीतल्या गॅरेजमधून आणलेलं. ते जुन्या जागी बसेना, म्हणून मधे लोखंडी प्लेट घालायची ठरली. मी कॉम्प्युटरवर तिचं सुरेख चित्र काढलं. अक्काने ते बाजूला ठेवलं आणि माझ्या हाती पुठ्ठा आणि कात्री दिली. पुठ्ठ्यावरून प्लेट कापली, भोकं पाडली. एक भोक अर्धा मिलिमीटर सरकलं. बोल्ट जातोय की, मी म्हणाले. तिने मोजायला व्हर्नियर लावला. "जातोय आणि बसतोय यात फरक असतो. नवरा करताना लक्षात ठेव." प्लेट मी तीनदा केली. नवरा अजून केलेला नाही.

इंजिनाचा नवा नंबर कागदोपत्री चढला आणि एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. बनशंकरीच्या सिग्नलला क्लचची केबल सैल पडली. मागे बस हॉर्न वाजवत होती. अक्का उतरली, ड्रायव्हरकडे बघून "स्वल्प थांबा, अण्णा," म्हणाली आणि साडी खोचून केबल ताणून आली. जे. पी. नगरात शिरल्यावर मात्र तिने गाडी अगदी हळू घेतली. इंजिनामुळे, असं ती म्हणाली.

धाकटीने फाटक उघडलं. गाडीकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं.

"हार आणलेस?"

"वाटेत मिळाले नाहीत," अक्का म्हणाली.

धाकटीने अक्काचा हात धरून तिला गाडीतून उतरवलं. "चल. इडल्या निवतायत."

पुढची तीन वर्षं अक्का दर रविवारी जे. पी. नगरला जात राहिली. गेल्या वर्षी, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. गाडी तिच्या इच्छेप्रमाणे धाकटीकडे पोचवली. महिन्याभराने धाकटीचा फोन आला, सुरूच होत नाही म्हणून.

मी गेले, मागचं झाकण उघडलं. कार्ब्युरेटर तुंबला होता. धाकटी शेजारी उभी राहून बघत होती.

"मला कधी हात लावू दिला नाही तिने," ती म्हणाली. "म्हणायची, तू नुसती बस आणि बोल."

मी पाना तिच्या हातात दिला. तिने बांगड्या वर सारल्या, खाली बसली आणि विचारलं, "आधी कुठला बोल्ट सोडायचा?"