साहेबांची बट सरळ करणारी बाई

नगराध्यक्षांचं मिशीमावशीशी काहीतरी आहे, ही बातमी गावात सर्वांत आधी बेकरीवाल्याला कळली. कळली म्हणजे काय, त्यानेच ती भाजली. मावशीचं मागचं दार त्याच्या भट्टीच्या खिडकीतून दिसायचं. त्या दारातून साहेब मान खाली घालून आत जातात आणि ताठ मानेने बाहेर येतात, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "आणि येताना कसे तरुण दिसतात, म्हणून सांगू!" हे वाक्य तो पावाबरोबर प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट बांधून द्यायचा.

मिशीमावशी म्हणजे नाटकवाल्यांसाठी केसांचे टोप, दाढ्या आणि मिशा बनवणारी बाई. पन्नाशी उलटलेली, लग्न न केलेली. का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर "मिशा माझ्याकडे ढीगभर आहेत, आणखी एक घरात आणून काय करू?" असं ऐकवणारी. तिच्या लांबट खोलीत फळीवर लाकडी डोकी मांडलेली असत. दोरीवर धुतलेले केस वाळत. खिडकीशी बसून ती बारीक जाळीत एकेक केस सुईने ओढून गाठ मारायची आणि तोंडाने सगळ्या गावाची फिरकी घ्यायची.

पुढच्या दाराने नटमंडळी यायची. मागच्या दाराने काही खाजगी गिऱ्हाइकं यायची, आणि त्यांच्याबाबत वडिलांनी तिला एकच नियम शिकवला होता: मागच्या दाराने आलेला माणूस रस्त्यात दिसला, तर ओळख द्यायची नाही. त्यामुळे ती रस्त्याने विजेच्या खांबांकडे बघत चालायची. गावातल्या बऱ्याच प्रतिष्ठित मंडळींना ती शिष्ट वाटे. काहींना मात्र फार सज्जन वाटे.

मग घोटाळा झाला. नाट्यगृहाची डागडुजी झाली, उद्घाटनाला साहेब आले, आणि पडद्यामागच्या कलाकारांचा सत्कार ठरला. मावशीचं नाव पुकारलं गेलं. साहेबांनी फुलं पुढे केली. मावशीने नियमाप्रमाणे छताकडे बघत ती घेतली. तेवढ्यात कुणा उत्साही माणसाने स्टेजवरचा मोठा पंखा सुरू केला. कपाळावर रुळणारी साहेबांची ती बट, जी प्रत्येक निवडणुकीत पोस्टरवर झळकायची, ती फडफडली. आणि मावशीचा हात आपोआप वर गेला. तिने साहेबांच्या कानामागे अंगठा दाबला, बट बोटांनी हळूच बसवली आणि मान तिरकी करून बघितलं, जमलं का ते. नियम डोळ्यांनी पाळला, पण हाताने ऐकलं नाही!

नाट्यगृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पडला तो कॅमेऱ्याचा प्रकाश.

सकाळी फोटो पेपरात. दुपारी विरोधकांचा मोर्चा, प्रत्येकाच्या हातात कंगवा, आणि घोषणा, "आधी केस सांभाळा, मग गाव सांभाळा!" बायकांमध्ये दोन तट पडले. अर्ध्या म्हणाल्या, शोभतं का या वयात? उरलेल्या म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या केसांना कुणी हात तरी लावतं का? बागेतल्या बाकावरचे पेन्शनर मात्र एकमताने साहेबांच्या बाजूने होते.

सभागृहात विरोधी नेत्याने विचारलं, "त्या बाईंकडे कशाला जाता, ते एका वाक्यात सांगा."

साहेब पाणी प्यायले. तोंड उघडलं. हात बटेकडे गेला. तोंड मिटलं. संध्याकाळी 'व्यक्तिगत कारणास्तव' राजीनामा. एका वाक्यापेक्षा त्यांना खुर्ची स्वस्त वाटली.

मावशी पोट धरधरून हसली. हसू थांबलं ते दादा दारात उभा राहिला तेव्हा. तिचा थोरला भाऊ.

"काय आहे ते एकदा सगळ्यांसमोर सांगून टाक."

"काही नाहीये, दादा."

"मग तो येतो कशाला?"

"ते नाही सांगता येणार. बाबांनी काय शिकवलंय?"

"बाबांनी मिशा शिकवल्या, भानगडी नाही! पोरीचं लग्न तोंडावर आलंय. सासरचे विचारतात, ती फोटोतली आत्या तुमचीच का? तोंड उघडणार नसशील, तर लग्नाला येऊ नकोस."

तो गेला. फळीवरच्या एका लाकडी डोक्यावर भाचीसाठी नवरीचा अंबाडा अर्धा बांधून ठेवला होता. भाची बाहुल्या खेळायची तेव्हापासून मावशीने कबूल केलं होतं, तुझ्या लग्नात तुझे केस मी बांधणार. एक वाक्य बोललं की ते लग्न परत मिळत होतं. पण मग मागच्या दाराने येणाऱ्यांनी कुणाच्या भरवशावर यायचं? मावशीने त्या डोक्यावर फडकं टाकलं.

दोन दिवसांनी साहेबांच्या पत्नी आल्या, तेही पुढच्या दाराने. रस्ता माणसांनी भरला. बेकरीवाल्याचे पाव करपले.

"चहा घेणार?" मावशीने विचारलं.

"घेते की. लगेच निघाले, तर बाहेरच्यांचा हिरमोड होईल." बाई लाकडी डोक्यांमध्ये ऐसपैस बसल्या. "तुम्ही गप्प राहिलात, त्याचे आभार मानायला आले. आणि खरं सांगू? त्यांना मजा वाटायला लागलीय. बागेतले म्हातारे उठून जागा देतात म्हणे! शीळ घालत फिरतात घरात."

दोघी हसल्या. मग बाईंनी सहज ते फडकं उचललं. "अय्या, हे कुणासाठी?"

"भाचीसाठी. आता राहू दे. दादाने लग्नाला येऊ नको म्हणून सांगितलंय."

बाईंनी कप खाली ठेवला. "हे नव्हतं हो मला माहीत."

त्याच संध्याकाळी साहेबांची शीळ बंद झाली आणि ते दादाच्या घरी गेले. दादाने वहिनीला आत पाठवलं. त्यामुळे अर्थातच वहिनी पडद्याआड उभी होती. आधी वहिनीची किंकाळी ऐकू आली. मग दादा असा हसला, की बेकरीवाला भट्टी सोडून रस्त्यावर आला.

सकाळी दादा मावशीकडे आला. मागच्या दाराने.

"चल. आत्याशिवाय केसांना हात लावू देणार नाही, म्हणून रुसून बसलीय ती."

"सासरच्यांना काय सांगशील?"

"सांगेन, फोटोतली ती आमचीच."

"काल कोण आलं होतं रे तुझ्याकडे?"

"कोण? मला नाही माहीत बुवा," म्हणत दादाने छताकडे बघितलं. शेवटी मुलगा कुणाचा!

मावशीने हाताला लागली ती दाढी उचलून डोळे पुसले, आणि अंबाडा काखोटीला मारून निघाली.

लग्नाला साहेब सपत्नीक आले. मावशीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि पंख्याखालची खुर्ची त्यांना देऊ नका, एवढं वहिनीच्या कानात सांगितलं. बेकरीवाल्याने त्यातूनही प्रेमच शोधलं.

आता साहेब नाहीत, बेकरीही नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही. साहेबांना टक्कल होतं. टोप मिशीमावशीने बनवला होता, आणि तो धुऊन पुन्हा नीट बसवून घ्यायला ते तिच्याकडे जात.