उशिरा कळलेलं सुतक

जिवंत नातेवाइकांचा इतका कंटाळा आणि मेलेल्यांचा इतका लळा असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. हे माझ्या बायकोचे मामा. आगाशीला त्यांची केळीची वाडी. लग्नात मी पाया पडलो, तर आशीर्वादाआधी त्यांनी माझ्या खापरपणजोबांचं नाव विचारलं. मला येईना. मग पणजोबांचं विचारलं. तेही येईना. मामांनी माझ्या सासऱ्यांकडे अशा नजरेनं पाहिलं, की मुलगी रस्त्यात सापडलेल्या माणसाला दिलीत काय.

हा नाद त्यांना काही पितृभक्तीतून लागला नव्हता. कुंपणापलीकडे एक म्हातारे राहत. त्यांच्या आणि मामांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या अबोला, आणि कारण दोन वाड्यांमधली सामाईक विहीर. कोण्या पूर्वजानं कोण्या पूर्वजाची पाण्याची पाळी चोरली होती. कोणी कोणाची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आपली चोरली, एवढं मात्र दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. ते म्हातारे शतायुषी व्हावेत अशी मामांची मनापासून इच्छा होती. पुरावा तोंडावर मारायचा तर तोंड शिल्लक हवं.

आणीबाणीचे दिवस होते. सारा देश तोंड मिटून बसला होता, तेव्हा मामा ठाण्याच्या कचेरीत साहेबाच्या अमदानीतली दप्तरं उघडून बसत. कोर्टाचे निवाडे, मोडीतल्या कैफियती, काही सोडत नसत. मी सुकेळ्यांच्या, म्हणजे वाडीतल्या वाळवलेल्या केळ्यांच्या लोभानं रविवारी आगाशीला जाई, आणि प्रत्येक सुकेळ्याबरोबर एकेक पूर्वज गिळावा लागे. किल्ल्यावर तलवार गाजवलेला कोणीतरी निघेल, अशी मामांना आशा. निघाले ते असे, की एकानं शेजाऱ्याचे घड कापलेले, दुसरा साक्षीला येतो म्हणून आलाच नाही, आणि तिसऱ्यानं सरकारी चिंच तोडलेली. कोर्टात सज्जनांची नावं कशाला सापडतील, असं मी म्हटलं, ते मामांना आवडलं नाही. चिंच तोडणं हा इंग्रजांविरुद्धचा उठाव होता, असं त्यांनी मला बजावलं.

पण खरा कहर पुढेच. दप्तरात एखादा पूर्वज वारल्याची नोंद सापडली, की मामा घरी येऊन थेट विहिरीवर जात आणि अंगावर घागर ओतून घेत. लांबच्या माणसाची बातमी उशिरा कळली, तर आंघोळ करून मोकळं व्हावं, ही रीत. उशीर दीडशे वर्षांचा झाला, तर रीत थोडीच बदलते?

"तो गेला तेव्हा गेला, जावईबापू," ते मला म्हणाले. "मला आज कळलं ना."

एका माघात पूर्वज असे पटापट वारले, की मामांना खोकला धरला आणि मामींनी साऱ्या घराण्याचा उद्धार केला. पलीकडचे म्हातारे घागरीचा आवाज आला की बायकोला मोठ्यानं विचारत, "आज कोण गेलं गो?" मामा ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि वर आणखी एक घागर ओतत.

पावसाच्या तोंडावर मी गेलो, तर मामा ओसरीवर एक कागद पुढ्यात घेऊन बसलेले. विहिरीचा निवाडा सापडला होता. पाळी चोरीला गेली होती खरी, आणि चोर मामांचाच पूर्वज होता. मी हसणार, तेवढ्यात त्यांनी पुढचं सांगितलं. वादी आणि प्रतिवादी एकाच बापाचे, सख्खे भाऊ. पुढे एका शाखेनं आडनाव बदललं. वैर तेवढं दोघांनी जसंच्या तसं जपलं.

म्हणजे पलीकडचे तुमचे भाऊबंदच, जाऊन सांगून टाका, असं मी म्हटलं. सांगतो म्हणाले, पण आधी तारखा नीट जुळवतो. तारखा जुळवण्यात पावसाळा संपला. जुळत नव्हत्या त्या तारखा नव्हेत, हे मला दिसत होतं, पण मामांना कोण सांगणार? आश्विनात पलीकडचे म्हातारे वारले.

रविवारी पोचलो, तर मामांच्या घरात देवपूजा बंद. मामा बाजूला चटईवर, दाढी वाढलेली. मी नेहमीच्या सवयीनं थट्टा केली, की इतक्या पिढ्यांपलीकडच्या भाऊबंदाला एक आंघोळ पुरते, तुम्हीच तर सांगता.

"ती उशिरा कळलं तर," मामा म्हणाले. "मला आधीच कळलं होतं."

इतकी वर्षं ज्या माणसाला मी हसत आलो, त्याच्याबद्दल त्या दिवशी फार वाईट वाटलं. सुतक त्यांनी पुरतं पाळलं. फिटलं त्या सकाळी ते विहिरीवर गेले आणि घागरीमागून घागर अंगावर घेत राहिले. पलीकडून कोण गेलं म्हणून विचारायला कोणी नव्हतं.