गाणे पाय बघत नाही

माझे यजमान गौतम एकोणसत्तर वर्षांचे आहेत. परळच्या आमच्या चाळीच्या बँडमध्ये ते एकेचाळीस वर्षे ट्रम्पेट वाजवीत आले. आम्ही बौद्ध आहोत. परंतु मागच्या गल्लीतील चर्चच्या सणाला माऊलीच्या मूर्तीच्या मिरवणुकीपुढे आमचाच बँड असतो. ही रीत माझ्या वडिलांच्या वेळेपासूनची आहे.

ट्रम्पेट ओठांनी वाजते, पण ओठांना आधार पुढच्या दातांचा लागतो. यंदा यजमानांचे पुढचे दोन दात हलू लागले. डॉक्टर म्हणाले, काढावे लागतील. यजमान म्हणाले, "सणानंतर काढा. शेवटचं एकदा वाजवतो."

सणाच्या संध्याकाळी बँड लाल टोप्या घालून उभा राहिला. तेव्हा सण समितीचे नवे चिटणीस नेव्हिल आले. त्यांच्यामागे हातगाडीवर दोन मोठे स्पीकर होते.

"अंकल, यंदा रेकॉर्डिंग लावतोय. तुम्ही वाजवू नका, नुसते गाल फुगवा. व्हिडिओत मस्त दिसतं."

ढोलवाले सीताराम म्हणाले, "गाल फुगवायला बेडूक आणायचे होते की!"

यजमानांनी ट्रम्पेट खाली घेतली. माझा मात्र संताप झाला आणि तो अद्याप उतरलेला नाही.

येथे कामाची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मूर्ती आठ जणांच्या खांद्यावर असते आणि ठरलेल्या घरांपुढे ती लाकडी घोडीवर टेकवतात. त्या वेळी ट्रम्पेटवाल्याने खांदेकऱ्यांच्या पायांकडे बघायचे असते. मूर्ती नीट टेकेपर्यंत शेवटचा सूर धरायचा. सूर सुटला की खांदे काढायचे. दुसरी खूण नाही.

पहिल्या घरापुढे मूर्ती अजून घोडीच्या अलीकडेच होती आणि रेकॉर्डिंगमधले गाणे संपले. पुढच्या चौघांनी वर्षानुवर्षांच्या सवयीने खांदे काढले. मागचे चौघे चालतच होते. मूर्ती पुढे कलली, हार रस्त्यावर पडला, बायका किंचाळल्या.

पुढच्या खांद्यावरचे बस्त्याव दोन्ही हातांनी दांडा पेलत ओरडले, "गौतम! सूर दे रे!"

यजमानांनी ट्रम्पेट ओठांना लावली. सूर ऐकताच चौघांचे खांदे परत दांड्याखाली गेले. तेवढ्यात स्पीकरवर दुसरे गाणे सुरू झाले.

"अंकल, स्टॉप! सगळं मिक्स होतंय!" नेव्हिल ओरडत होते. यजमान मागच्या चौघांच्या पायांकडे बघत राहिले. मूर्ती घोडीवर टेकली, तेव्हाच त्यांनी सूर सोडला. ट्रम्पेटच्या तोंडाला रक्त लागले होते.

बस्त्याव नेव्हिलना म्हणाले, "बाबा, तुझं गाणं पाय बघत नाही. बंद कर ते."

"अहो, समितीने ठरवलंय."

"मग मूर्ती समितीने उचलावी." आठही जण हाताची घडी घालून उभे राहिले.

स्पीकर बंद झाला. उरलेल्या सहाही घरांपुढे यजमानांनी रुमालाने तोंड पुसत वाजवले. मंगळवारी दात काढले. आता ट्रम्पेट खुंटीला आहे.

त्यानंतर समितीचा व्हिडिओ सर्वांच्या फोनवर आला. चित्रात मिरवणूक आमचीच, पण आवाज सगळा रेकॉर्डिंगचा. माझे यजमान त्यात नुसते गाल फुगवताना दिसतात. लोक बघून हसतात आणि म्हणतात, "काका, ॲक्टिंग भारी हं!" यजमानही हसतात. मी हसणार नाही. व्हिडिओ खोटा आहे. त्या संध्याकाळी त्यांनी वाजवले होते, हे मी माझ्या हाताने येथे लिहून ठेवीत आहे.