येते, मॅडम

इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीच्या युनिव्हर्सिटीत मी स्टॅटिस्टिक्स शिकवते. पुणं सोडून वीस वर्षं झाली, पण तोरा पुण्यातलाच राहिला. वर्गात कुणी जांभई दिली तरी माझं डोकं फिरतं. त्या वर्षी मास्टर्सला नागपूरची एक मुलगी होती. वर्गात आमचं सगळं इंग्रजीत. तास संपला की मात्र ती दारापाशी घुटमळायची आणि हळूच म्हणायची, "येते, मॅडम." मी म्हणायचे, "ये हं." दिवसभरात कानावर पडणारं मराठी तेवढंच.

मग लॉकडाउन लागला आणि एका वीकएंडात आमचं शिकवणं लॅपटॉपवर आलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. समोर काळे चौकोन आणि त्यांवर नावं. तिसऱ्या तासाला माझा संयम संपला. नेमकं तिचंच नाव आधी दिसलं, म्हणून सगळ्यांदेखत तिला सुनावलं, "कॅमेरा ऑन, प्लीज. इट्स बेसिक कर्टसी."

तिनं लावला. कुठल्याशा शेअर्ड घराच्या जिन्यावर ती अंगात कोट घालून बसली होती, लॅपटॉप मांडीवर. कपड्यांची बास्केट घेतलेलं कुणीतरी तिला ओलांडून वर गेलं.

"सॉरी मॅडम, रूममध्ये वायफाय येत नाही," ती म्हणाली. गोंधळून चक्क मराठीत.

मी "ओके" म्हणून पुढची स्लाइड लावली. सॉरी मी म्हणायला हवं होतं. ते मला तेव्हाच कळलं होतं, पण वर्गासमोर जीभ रेटली नाही. आजही त्याची लाज वाटते.

त्यानंतर तिचा कॅमेरा बंदच राहिला आणि मीही विषय काढला नाही. तास संपला रे संपला की मी "एंड फॉर ऑल" दाबून मोकळी व्हायचे.

मे महिन्यात ऑफिसचा ईमेल आला, तिनं कोर्स सोडला होता. तिनं कधी काही विचारलं होतं का, ते बघायला मी सेव्ह झालेले चॅट पहिल्यांदाच उघडले. प्रत्येक तासाच्या शेवटी, इंग्रजी अक्षरांत, एकच ओळ होती: "येते मॅडम." मी बटण शोधत असताना ती हे टाइप करत असणार. शेवटच्या तासाला मात्र तिनं लिहिलं होतं, "जाते मॅडम."

घरातून निघताना कुणी "जाते" म्हणालं तर आपल्याकडे आई आतून दटावते. नागपूरच्या मुलीला हे ठाऊक नसेल, असं कसं म्हणू? तिनं मला सांगितलं होतं. आठवडाभर ते माझ्याच लॅपटॉपमध्ये पडून होतं. वेळेवर वाचलं असतं, तर कदाचित तिला थांबवता आलं असतं.

मी लगेच तिच्या युनिव्हर्सिटीच्या ईमेलवर लिहिलं, "अगं, जाते काय म्हणतेस, येते म्हण. चूक माझी होती."

दोन मिनिटांत तो ईमेल परत आला. तिचं अकाउंट बंद झालं होतं.