कठड्यापाशी मागे घेतलेला हात

तारखा प्रथम मांडतो, कारण तारखांवाचून केलेली तक्रार ही नुसती कुरकुर ठरते. जानेवारीचा पहिला रविवार: प्रभुभोजनानंतर मी उपासनामंदिराच्या खिडकीतून एक दृश्य पाहिले. त्याच आठवड्यातील बुधवार: त्याविषयी मी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाला चार पानी पत्र धाडले. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार: पंचमंडळाने ते पत्र वाचून, एकही प्रश्न न विचारता, एका वृद्ध बाईंना प्रभूच्या मेजाच्या सेवेवरून दूर केले आणि दुसऱ्या दिवशी उपासनेत तसे जाहीरही केले. मार्चचा पहिला रविवार: त्या दिवशी जे घडले ते खाली येते. जबाबदार तिघे: आमचे पाळकसाहेब, पंचमंडळाचे सेक्रेटरी आणि मी.

घाटकोपरची आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूचे शरीर व रक्त म्हणून पाव आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, असते आणि आदल्या संध्याकाळी तयारीची उपासना. तीत काही काळ सगळे निःशब्द बसतात. ज्याचे कोणाशी वाकडे असेल त्याने उठून त्याच्यापाशी जावे, 'सलाम' म्हणून त्याचा हात हाती घ्यावा आणि मगच उद्या मेजाकडे यावे, असा आमचा रिवाज. मी तो वेळ बहुतेक वर्षे बसूनच काढला. माझे ज्यांच्याशी वाकडे होते, त्यांची चूक होती, हे मला कागदोपत्री सिद्ध करता येत असे. दिवाणी न्यायालयाच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला ती खोड जडतेच.

त्या बाई विधवा, पंचाहत्तरीच्या पुढच्या. मुलुंडहून पहिल्या बसने येत, पावाच्या कडा काढून नखाएवढे चौकोनी तुकडे करीत, मेजावर पांढरे कापड अंथरीत आणि शेवटी प्याले विसळीत. खिडकीतून मी पाहिले ते एवढेच: आवारातल्या चाफ्याच्या बुंध्याशी त्या पाठमोऱ्या वाकल्या होत्या आणि प्रभुभोजनाच्या पावाची ताटली उपडी करीत होत्या. पत्रात मी 'विटंबना' हा शब्द तीनदा लिहिला व तिन्ही वेळा अधोरेखित केला.

मार्चच्या तयारीच्या उपासनेला बाई आल्या नाहीत. मी बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे चपला काढून वेदीपुढल्या कठड्यापाशी गुडघे टेकले, डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवला. पाळकसाहेब एकेकासमोर थांबत जवळ येत होते. तेव्हा मला आठवले, की फेब्रुवारीत याच जागी, तो तुकडा जिभेवर असताना, मी पंचमंडळाला पाठवायच्या स्मरणपत्राचा दुसरा परिच्छेद मनात जुळवीत होतो. प्रभूचे शरीर तोंडात होते आणि माझे चित्त क्रियापदावर होते.

तो तुकडा समोर आला. इतकी लहान वस्तू, आणि तिच्यापुढे मला भय वाटले. आयुष्यभर मी न्यायाधीशांपुढे उभा राहिलो, पण असे भय कधी वाटले नव्हते. आणि चमत्कारिक गोष्ट ही, की त्या भयातून पळून जावेसे मुळीच वाटेना.

"अहो, हात पुढे करा," शेजारी गुडघे टेकलेली पत्नी पुटपुटली.

मी हात मागे घेतला. पाळकसाहेब क्षणभर थांबून पुढे गेले.

आवारात येताच ती म्हणाली, "मुलुंडला कधी जाताय?"

"त्यांना एक पत्र लिहावे म्हणतो."

"पत्र नको. तोंड दिलंय ना देवानं?"

त्याच दुपारी गेलो. दार बाईंनीच उघडले. "सलाम, कोर्टसाहेब. समन्स आणलंय का?"

मी विचारले, झाडापाशी त्या नेमके काय करीत होत्या.

"आता विचारताय? निकाल लागल्यावर?" त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, स्वतः उभ्याच राहिल्या. "सासूनं त्याच झाडाखाली शिकवलेलं. मेजावरचा कण पायाखाली यायचा नाही, मोरीत जायचा नाही. मातीत हातानं खड्डा करायचा, कण त्यात ठेवायचे, वर माती सारायची, मग प्याल्यांचं पाणी. तुम्ही माझी पाठ बघितली भाऊ, हात कुठं बघितले?" मग म्हणाल्या, "कापड मात्र कधी कधी तिथंच झटकते. खोटं कशाला बोलू?"

"ते योग्य नाही, बाई."

"मग तुम्ही या की झटकायला!"

मी क्षमा मागू लागलो, तर त्यांनी हात वर केला. "इथं नको. मला काढलंत सगळ्यांसमोर, आणि माफी माझ्या स्वयंपाकघरात होय? चहा घ्या आणि जा."

परतताना मंदिराच्या आवारात शिरलो. चाफ्याखाली कोणी नव्हते. बुंध्याभोवतालची माती काळसर, भुसभुशीत होती. बाईंच्या बोटांनी महिन्यामागून महिना उकरलेली. सासूच्या काळापासूनचे कण त्या मातीत होते. आणि त्या मातीच्या एका कडेला माझ्या स्कूटरच्या स्टँडने पाडलेली खोलगट खूण होती, कारण सावली असते म्हणून मी दर रविवारी गाडी तिथेच लावीत आलो आहे. मी चपला काढल्या. किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही, आणि ही एकच वेळ मी नोंदवून ठेवलेली नाही.

म्हणून मंडळीपुढे माझी मागणी अशी. येत्या शनिवारी, तयारीच्या उपासनेत, बाईंना सन्मानाने बोलावून, पाळकसाहेब व सेक्रेटरी यांनी संपूर्ण मंडळीसमोर उभे राहून उत्तर द्यावे: आरोपीला एक प्रश्नही न विचारता तुम्ही माझे पत्र खरे कसे मानले? लेखी उत्तर मी स्वीकारणार नाही. मात्र त्याआधी, त्याच जागी, मला पहिला उभा करून विचारावे, की न विचारता मी ते लिहिले कसे. माझे उत्तर बाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी देईन. ते दिल्यावाचून रविवारी मी कठड्यापाशी हात पुढे करणार नाही.